जबल अलीची जुनी पिकअप

जबल अली हे नाव वर्तमानपत्रांत येते ते बंदरामुळे. दुबईचे शेख रशीद बिन सईद अल मक्तूम यांनी ओसाड किनाऱ्यावर हे बंदर खोदून घेतले. २६ फेब्रुवारी १९७९ रोजी इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि १९८५ साली त्याच्या शेजारी मुक्त व्यापार क्षेत्र सुरू झाले. तेथील क्रेन, गोद्या आणि कंटेनरचे डोंगर यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. आम्हाला आज लिहायचे आहे ते त्या डोंगरांच्या पायथ्याशी दिवसभर धावणाऱ्या एका साध्या वाहनाविषयी, म्हणजे जपानी पिकअपविषयी.

पुढे दोन-तीन माणसे आणि मागे उघडा हौदा, एवढेच तिचे रूप. टोयोटाची हायलक्स १९६८ साली निघाली, ती हिनो या कंपनीच्या कारखान्यात तयार होत असे. त्याच काळात दॅटसनच्या पिकअपही जगभर गेल्या, पुढे मित्सुबिशी आणि इसुझू आल्या. या सर्वांची बांधणी मुळात एकाच जातीची. खाली शिडीसारखी पोलादी चासी, मागे बैलगाडीला शोभतील असे पाटे, आणि हात घालता येईल अशा जागेत बसवलेले इंजिन. या साधेपणातच त्यांच्या दीर्घायुष्याचे कारण आहे. २००३ साली बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या कार्यक्रमात एक जुनी हायलक्स समुद्रात बुडवली, पेटवली आणि पाडायच्या इमारतीवर ठेवून खाली आणली, तरी ती पुन्हा सुरू झाली. बघायला गंमत वाटते. पण रोज पोटासाठी गाडी चालवणाऱ्याला तिच्यापासून फारसे शिकता येत नाही. त्याची गाडी आगीत किंवा बुडून मरत नाही. ती उन्हाने, वाळूने आणि खाऱ्या हवेने हळूहळू झिजते.

२०११ च्या डिसेंबरात, आमच्या शाळांना सुटी असताना, आम्हाला हे जवळून पाहण्याचा योग आला. आमच्या पत्नीचे मावसभाऊ मूळचे वाक्वाचे. ते बरीच वर्षे जबल अलीत एसी दुरुस्तीचे काम करत. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. त्यांच्याकडे १९९१ ची हायलक्स होती, एका केबिनची, २२-आर नावाच्या पेट्रोल इंजिनाची. गॅसची नळकांडी, तांब्याच्या नळ्या, शिडी आणि दोन कामगार, सारा संसार त्याच गाडीत. जानेवारीत तिची मुल्किया संपत होती. मुल्किया म्हणजे तेथील नोंदणीचे कार्ड. जुन्या गाडीला ते दर वर्षी नवे करून घ्यावे लागते आणि त्याआधी तपासणी केंद्रात गाडी ‘पास’ व्हावी लागते. पास झाली नाही तर काम बंद. नवी पिकअप हप्त्याने घ्यावी, तर मुलगी पुण्याला शिकत होती. हप्ता आणि फी ही दोन्ही ओझी एका वेळी उचलण्यासारखी नव्हती.

भाऊंच्या मनात प्रथम रंग होता. उन्हाने बोनेटचा आणि टपाचा रंग खडूसारखा हाताला लागत होता. मोठ्या कंपन्यांच्या फाटकावर पहारेकरी असली गाडी बघून आधी बाजूला उभी करायला लावतात, असे त्यांचे म्हणणे, आणि त्यात तथ्य होते. पण अल कोझच्या ज्या गॅरेजमध्ये आम्ही गेलो तेथील मिस्त्रींनी रंगाचे नाव काढू दिले नाही. हे मिस्त्री रत्नागिरी जिल्ह्यातले, राजापूरच्या बाजूचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. आमचे पूर्वजही कोकणातूनच मॉरिशसला आले, त्यामुळे आमची बोली ऐकून त्यांनी लगेच चहा मागवला. आम्ही शिक्षक आहोत हे कळल्यावर आम्ही त्यांचे ‘मास्तर’ झालो. ते ज्याला पाना म्हणत त्याला आमच्या क्रिओलमध्ये ‘लाक्ले’ म्हणतात, हे ऐकून त्यांचा पोऱ्या दिवसभर लाक्ले, लाक्ले करत राहिला.

“धावली नाही तर ढकलता येते, मास्तर,” चाचा म्हणाले. “थांबली नाही तर काय करणार? भाऊंना सांगा, रंग शेवटी.”

रंगाचा खर्च जो सांगितला गेला, तो ब्रेक, रेडिएटर आणि इंजिनाची साखळी या तिन्ही कामांच्या बेरजेपेक्षा जास्त होता. हा हिशेब फळ्यावर मांडल्यासारखा समोर आल्यावर भाऊ गप्प झाले.

चाचांनी गाडी वर उचलून घेतली आणि एक लहान हातोडी घेऊन ते चासीखाली शिरले. समोरून मागे, एका बाजूने मग दुसऱ्या बाजूने, ते वीतभर अंतरावर ठोका मारत गेले. शाबूत लोखंड टणत्कार करते, आतून खाल्लेले लोखंड बद्द वाजते. जबल अलीची जमीन किनाऱ्यालगत खारवट आहे. उन्हाळ्यात समुद्राची दमट हवा रात्री पत्र्यावर दव बनून बसते आणि चासीच्या आत साचलेली वाळू ती ओल धरून ठेवते. वरून गाडी कोरडीठाक दिसते, आत मात्र गंज काम करत असतो. मागच्या पाट्यांच्या टेकणांजवळ हे दुखणे सर्वांत आधी येते. हा दोष श्रीमंत देशांतही सुटलेला नाही. अमेरिकेत टोयोटाच्या टॅकोमा पिकअपच्या चासी गंजल्या तेव्हा २००८ साली कंपनीने १९९५ ते २००० या वर्षांतील गाड्यांना पंधरा वर्षांपर्यंतची वाढीव हमी दिली, आणि फार खराब झालेल्या गाड्या चक्क परत विकत घेतल्या. तिकडे गंज आणतो तो बर्फावर टाकलेला मीठ, इकडे तेच मीठ जमिनीतून आणि वाऱ्यातून येते.

चाचांनी आधीच सांगून ठेवले होते, चासी बद्द वाजली तर एक पानाही लावायचा नाही, गाडी भंगारात द्यायची. वेल्डिंग करून देणारे पुष्कळ आहेत, पण हौद्यात अर्धा टन भरून शेख झायेद रस्त्यावर शंभरच्या वेगाने जाणारी गाडी ठिगळावर सोडू नये, हे त्यांचे मत. भाऊ लिफ्टपासून दूर, दाराशी उभे होते. ठोके ऐकू येत होते, पण ते आत येत नव्हते. अर्ध्या तासाने चाचा बाहेर आले आणि म्हणाले, चासी आहे. हौद्याचा तळ मात्र तीन ठिकाणी गेला होता. तो कापून नवा पत्रा बसवला. चासी तारेच्या ब्रशने घासून, आतली वाळू पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मग गंजरोधक रंग दिला. वाळवणे महत्त्वाचे, कारण ओलीवर लावलेला रंग गंजाला पांघरूण घालतो.

मग इंजिन. २२-आर हे २,३६६ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, कार्ब्युरेटरवर चालणारे. नावाजलेले आहे, पण त्याला एक जुनी खोड आहे. पुढच्या बाजूला झाकणाच्या आत एक साखळी असते. ती खालच्या क्रँकची फेरी वर कॅमला पोचवते. साखळीने इकडेतिकडे हलू नये म्हणून दोन बाजूंना पट्ट्या असतात. १९८० नंतरच्या दशकातल्या इंजिनांत या पट्ट्या प्लास्टिकच्या आल्या. साखळी ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबाने चालतो. सकाळी गाडी सुरू केली की दाब येईपर्यंत क्षणभर साखळी सैल असते आणि पट्टीवर आपटते. वर्षानुवर्षे आपटून पट्टी तुटते. मग साखळी थेट झाकण घासू लागते. झाकणाच्या त्या भिंतीपलीकडे रेडिएटरचे पाणी वाहत असते. भिंत घासून भोक पडले की पाणी तेलात उतरते, तेल दुधाच्या कॉफीसारखे दिसू लागते आणि बेअरिंगे जातात. सुरुवात होते ती सकाळच्या दोन सेकंदांच्या खळखळीने. भाऊंना ती खळखळ वर्षभर ऐकू येत होती. जुनी गाडी, आवाज करणारच, असे ते म्हणत.

झाकण काढल्यावर पट्टीचे दोन तुकडे खाली तेलात सापडले. झाकणावर साखळीने बोटभर लांबीची चकचकीत खाच पाडली होती, पण भोक पडले नव्हते. येथे चाचांनी आम्हाला एक गोष्ट दाखवली. हेडच्या पुढच्या टोकाला तेलाचे छोटे डबके साचते, त्याच्या तळाशी एक बोल्ट असतो. वरून पाहिले तर तेलच दिसते. नवशिके बाकीचे सर्व बोल्ट काढतात, झाकण ओढतात, ते येत नाही, मग पहारीने उचकटतात आणि झाकण फोडून ठेवतात. चाचांनी चिंधीने तेल टिपून घेतले आणि पोऱ्याला म्हणाले, बघ, हा तो. पोलादी पाठीच्या नव्या पट्ट्या, नवी साखळी आणि नवा टेन्शनर बसला. वॉल्व्हचे अंतर इंजिन गरम असताना लावले, आत हवा घेणाऱ्यांना ०.२० मिलिमीटर, धूर सोडणाऱ्यांना ०.३० मिलिमीटर. हे अंतर कमी राहिले तर धुराचे वॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीत आणि जळतात.

रेडिएटरची कथा थोडी हसू आणणारी आहे. त्याच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो. या दोहोंच्या मधल्या फटीत वाळू, किडे आणि धूळ यांचे घोंगडीसारखे जाड थर साचले होते. भाऊ वर्षभर लोकांचे कंडेन्सर धुऊन देतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. दोघांचे प्रसरण सारखे नाही. इंजिन एकदा जास्त तापले की हेड वाकते आणि गॅस्केट जाते. म्हणून पंचेचाळीस अंशांच्या मुलखात फट साफ असणे, रेडिएटरचे झाकण दाब धरणारे असणे आणि आत निव्वळ नळाच्या पाण्याऐवजी कूलंट असणे या तीन गोष्टींवर इंजिनाचा जीव असतो. पंख्याचा क्लचही बदलावा लागला. त्यातले सिलिकॉन तेल गळून गेले होते, त्यामुळे पंखा फिरत होता पण ओढत नव्हता.

ब्रेकचे काम फार सांगण्यासारखे नाही, परंतु तेच सर्वांत आधी झाले. रबरी नळ्यांना भेगा होत्या, ब्रेक ऑइल काळे झाले होते. हे तेल हवेतली ओल पिते आणि ओल पिल्यावर लवकर उकळते. दोन वर्षांनी ते बदलावेच, गाडी कितीही कमी चालो.

सुटे भाग मिळवायला आम्ही शारजाच्या औद्योगिक भागात गेलो. जुन्या भागांचा तो बाजार शिक्षकाने एकदा पाहावा असा आहे. जपानहून आलेल्या गाड्यांचे अर्धे कापलेले पुढचे भाग तेथे ओळीने उभे असतात, त्यांना ‘हाफ-कट’ म्हणतात. जपानात आमच्या बेटासारखीच वाहने डावीकडून चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असते. अमिरातीत त्याच्या उलट. जपानी जुन्या गाड्या दुबईत उतरतात त्या बहुधा केनिया, टांझानिया, युगांडा अशा डाव्या बाजूने चालणाऱ्या देशांकडे जाण्यासाठी. म्हणून हाफ-कटमधून भाऊंना पंख्याचा क्लच, डायनामो, कार्ब्युरेटरचे तुकडे मिळत. स्टिअरिंग बॉक्स मात्र चालत नाही. ढिगात एक अगदी नवाकोरा दिसणारा बॉक्स पडला होता. भाऊंनी तो उचलला, फिरवून पाहिला आणि म्हणाले, “हा वाक्वाला चालला असता.” त्यांचा बॉक्स शेवटी जुनाच राहिला, बुश आणि टाय रॉडची टोके बदलून चक्राचा ढिलेपणा कमी केला.

तपासणीच्या दिवशी गाडीचे ब्रेक, दिवे, धूर, सर्व ठीक निघाले, आणि ती नापास झाली. कारण टायर. नक्षी भरपूर होती, पण टायरच्या अंगावर चार अंकी आकडा असतो, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. पाच वर्षांपेक्षा जुना टायर तेथे चालत नाही. आम्हाला हा नियम कडक पण बरोबर वाटला. त्या उन्हात रबर न वापरताही वाळते आणि तडकते, आणि भरलेल्या पिकअपचा मागचा टायर महामार्गावर फुटला तर गाडी उलटते. आमच्या बेटावरही सेकंडहँड टायर घेताना लोकांनी नक्षीबरोबर हा आकडा वाचावा. भाऊंनी दुसऱ्या दिवशी चारी टायर घातले आणि गाडी पास झाली. मुल्किया संपायला तेव्हा चार दिवस होते.

रंगाला पैसे उरले नाहीत. भाऊंनी एका शुक्रवारी बोनेट आणि टप स्वतः घासून पांढरा हात दिला. जवळून ब्रशचे फराटे दिसत. फाटकावरचे पहारेकरी पूर्वीइतकेच थांबवत असत.

त्यानंतर मुलीचे शिक्षण पूर्ण झाले, तिला पुण्यातच नोकरी लागली. भाऊंनी दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलले आणि दर उन्हाळ्याआधी ती फट धुतली. २०१७ साली चाचा पुन्हा हातोडी घेऊन खाली शिरले तेव्हा डाव्या बाजूला, मागच्या पाट्याच्या टेकणाशी, आवाज बद्द आला. त्यांनी दुसऱ्यांदा ठोका मारला नाही. हायलक्स भंगारात गेली. इंजिन मात्र शारजाच्या बाजारात त्याच दिवशी विकले गेले.