छप्पर नसलेल्या मोटारीतील संगीत

बंद मोटारीत संगीत भरीव वाटते, याचे श्रेय जितके स्पीकरांना द्यावे लागते तितकेच गाडीच्या छपराला आणि काचांनाही द्यावे लागते. खर्जातील स्वरांच्या ध्वनीलहरी गाडीच्या आतील पोकळीपेक्षा लांब असतात. त्यामुळे या लहरी पोकळीत इकडून तिकडे धावत नाहीत, तर आतल्या हवेचा दाबच एकसारखा कमीजास्त करतात आणि दारात बसवलेला हातभर अंतरावरचा लहानसा स्पीकरही ढोलकीचा धुम्मा पोटात जाणवेल इतक्या जोराने पोहोचवू शकतो. छप्पर उतरवले की हा सारा आधार एका क्षणात नाहीसा होतो. खर्जाचा दाब वर आकाशात निसटून जातो, वरच्या पट्टीतील स्वर ज्या काचांवरून परत येत असत त्या काचाच राहत नाहीत आणि मोकळ्या जागेत ध्वनी ज्या नियमाने क्षीण होतो, जवळजवळ त्याच नियमाने तो गाडीतही क्षीण होऊ लागतो. उघड्या जीपमध्ये किंवा छप्पर दुमडणाऱ्या मोटारीत संगीताची व्यवस्था करताना बंद गाडीचे ठोकताळे निरुपयोगी ठरतात, ते या कारणामुळे.

या हानीत भर पडते ती वाऱ्याची. पुढच्या काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेला हवेचा झोत बैठकीच्या मागे भोवरे करत खाली वळतो आणि त्या भोवऱ्यांचा घोंगावणारा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीत असतो. वेग वाढत जाईल तसा हा आवाज फार झपाट्याने वाढतो. वेग दुप्पट झाला, तर वाऱ्याचा आवाज साधारणपणे 15 ते 18 डेसिबलने चढतो. डेसिबल हे ध्वनीची तीव्रता मोजण्याचे एकक असून ते बेरजेने नव्हे तर पटीने चालते: 10 डेसिबलची वाढ म्हणजे दहापट ध्वनिशक्ती, आणि कानाला मात्र आवाज सुमारे दुप्पट झाल्यासारखा वाटतो. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या जीपमधले संगीत ताशी 80 ला ऐकेनासे का होते, याचा उलगडा या आकड्यांतून होतो.

वाऱ्याचा आवाज संगीताला नुसता झाकत नाही, तर निवडून झाकतो. मोठा आवाज आपल्या आसपासच्या स्वरांना ऐकू येऊ देत नाही, या गुणधर्माला ध्वनिशास्त्रात आच्छादन म्हणतात, आणि खालच्या पट्टीतील आवाज वरच्या पट्टीतील स्वरांना जितके आच्छादतो तितके वरच्या पट्टीतील आवाज खालच्यांना आच्छादत नाही. ख्यालगायनाच्या ध्वनिमुद्रणाचे उदाहरण घेतले, तर याचा परिणाम नेमका कळतो. विलंबित ख्यालात तानपुऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून साधलेली जवारी, म्हणजे तारेच्या मूळ स्वरातून उमलत जाणारी उपस्वरांची झिलई, ध्वनिमुद्रणात अगदी हलक्या पातळीवर असते. गाडी वेग घेताच सर्वांत आधी ती जाते, तिच्यामागून तबल्याच्या बायाची मींड जाते, नंतर आलापातील मंद्र सप्तकाचा भाग जातो आणि शेवटी तार सप्तकातील पुकार तेवढी उरते. उलट लावणी, कोळीगीत किंवा चित्रपटगीत यांच्या ध्वनिमुद्रणात हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर मुळातच कमी राखलेले असल्याने ती वाऱ्यातही तग धरतात. यात कोणत्याही संगीताचा कमीपणा नाही. मात्र ख्याल आवडणाऱ्या माणसाने उघड्या गाडीत यंत्रणा बसवताना अधिक काळजी घ्यायला हवी, हे त्यातून निश्चित होते.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे आवाज वाढवणे, आणि नेमका तोच चुकीचा आहे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये झालेल्या मोजमापांत महामार्गाच्या वेगाला छप्पर उघडे असताना चालकाच्या कानापाशी अनेक गाड्यांत 85 डेसिबलहून अधिक आवाज आढळला आहे. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकी आरोग्यसंस्थेने सुचवलेली मर्यादा 85 डेसिबलला आठ तासांची असून पुढच्या प्रत्येक 3 डेसिबलला हा अवधी निम्मा होतो, म्हणजे 88 ला चार तास आणि 91 ला दोनच तास. वाऱ्याने ही मर्यादा एकट्यानेच गाठलेली असताना त्याच्याही वर संगीत चढवणे म्हणजे कानांची कायमची हानी ओढवून घेणे होय. कानात हेडफोन घालणे हा तर पर्यायच नव्हे, कारण मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा चालकाला ऐकू आलाच पाहिजे.

खरा उपाय अंतर कमी करण्यात आहे. मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर निम्मे केले की कानापाशी येणारा आवाज 6 डेसिबलने वाढतो. म्हणून पायाजवळच्या पत्र्यात एक मीटरवर असलेला स्पीकर कानापासून 25 सेंटिमीटरवर आणला, तर 12 डेसिबलचा लाभ होतो. हाच लाभ स्पीकर जागेवरून न हलवता केवळ वीज वाढवून मिळवायचा ठरवला, तर सोळापट शक्ती लागते, म्हणजे 20 वॉटच्या जागी 320 वॉट, आणि तो सगळा आवाज रस्त्यावरच्या लोकांनाही ऐकावा लागतो. स्पीकर जवळ आणल्याने वाऱ्याशी स्पर्धा करण्याचे बळ येते आणि बाहेर सांडणारा आवाजही वाढत नाही. उघड्या गाडीतील संगीताचे सगळे शहाणपण या एका हिशेबात सामावले आहे.

मोटार बनवणाऱ्यांनी हा हिशेब फार पूर्वीच ओळखला होता. 1989 साली शिकागोच्या प्रदर्शनात माझदा कंपनीने एमएक्स-5 ही दोन आसनी उघडी मोटार सादर केली, आणि या गाडीच्या पहिल्या पिढीतच डोके टेकवण्याच्या उशीत बसवलेले लहान स्पीकर काही आवृत्त्यांत मिळत असत. चौथ्या पिढीतील बोस कंपनीच्या नऊ स्पीकरांच्या यंत्रणेतही उशीतले स्पीकर कायम राहिले. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्र थारची 2020 साली आलेली आवृत्ती याच तर्काने पाहण्यासारखी आहे. तिच्यात स्पीकर छताजवळ, म्हणजे माणसाच्या डोक्याच्या पातळीवर आहेत आणि समोरचा स्पर्शपडदा पावसाच्या भुरभुरीत चालेल असा केलेला आहे. जुन्या जीपमध्ये हीच रचना साधायची असेल, तर गाडी उलटल्यास प्रवाशांचे रक्षण करणाऱ्या लोखंडी पाइपावर, ज्याला रोल बार म्हणतात, बंद खोक्यातले स्पीकर पट्ट्यांनी आवळून कानांकडे वळवता येतात. मात्र ते डोके आपटेल अशा जागी येऊ नयेत आणि त्यांच्यासाठी पाइपाला भोके पाडू नयेत, कारण भोकांनी पाइपाची ताकद कमी होते.

कानामागच्या स्पीकरांत एक उणीव राहते: गायक समोर बसून गात असल्याचा भास मोडतो आणि आवाज पाठीमागून आल्यासारखा वाटतो. त्यासाठी डॅशबोर्डच्या दोन टोकांना ट्विटर, म्हणजे केवळ वरच्या पट्टीचे छोटे स्पीकर, बसवून मागच्या स्पीकरांचा ध्वनी डिजिटल प्रक्रियकाने किंचित उशिरा सोडला जातो. ध्वनी एका मिलीसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर चालतो, म्हणून अंतर टेपने मोजून हा उशीर ठरवता येतो. खर्जाला मात्र दिशेचे बंधन नाही, कारण 80 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 80 कंपनांच्या, ध्वनीची लहर सव्वाचार मीटरहून लांब असते आणि ती कोठून आली हे कानाला कळत नाही. त्यामुळे चपटा वूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, आसनाखाली ठेवावा. तेथे तो शरीराच्या जवळही राहतो आणि आसनाच्या सांगाड्यातून खर्ज अंगालाही जाणवतो. वूफर असो वा नसो, कानाजवळच्या लहान स्पीकरांना 100 हर्ट्झच्या खालचे स्वर देऊच नयेत, कारण जो खर्ज ते उघड्यावर ऐकवू शकत नाहीत तो निर्माण करण्याच्या धडपडीत त्यांचे पडदे फाटतात.

शक्तीचा प्रश्न विद्युतदाबाशी बांधलेला आहे. बाजारातल्या बहुतेक कार स्टिरिओंवर 50 वॉटचे चार मार्ग असे छापलेले असते; प्रत्यक्षात इंजिन चालू असताना बॅटरीवर सुमारे 14.4 व्होल्टचा दाब असतो आणि तेवढ्या दाबातून 4 ओहम रोधाच्या स्पीकरला स्वच्छ स्वरूपात जास्तीत जास्त 26 वॉटच्या आसपास शक्ती मिळू शकते, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. छापलेला आकडा हा आवाज फाटल्यानंतरचा, क्षणिक शिखराचा आकडा असतो. उघड्या गाडीत स्वतंत्र अॅम्प्लिफायर लागतो तो यासाठी की तो आतल्या आत दाब वाढवून घेतो आणि आवाज न फाटता मोठा करतो. क्लास डी प्रकारचा अॅम्प्लिफायर लहान असतो, कमी तापतो आणि आसनाखाली मावतो. त्याची जाड तार थेट बॅटरीपासून आणावी, बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत फ्यूज घालावा आणि इंजिन व बैठक यांच्यामधल्या पत्र्यातून तार नेताना भोकात रबरी कडी बसवावी, अन्यथा जीपच्या हादऱ्यांनी पत्र्याची धार तारेचे आवरण कापते आणि आग लागण्याचा धोका उद्भवतो. अर्थिंगची तार गंज व रंग खरवडून उघड्या पत्र्याला आवळली नाही, तर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढणारी शीळ स्पीकरमधून ऐकू येते. जुन्या संग्राह्य गाड्यांत याहून मोठी अडचण असते: दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप सहा व्होल्टवर चालत असे, तर त्या काळच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, त्यामुळे आजचा स्टिरिओ अशा गाडीला सरळ जोडला तर तो जळतो. तेथे मूळ वायरिंगला हात न लावता स्वतंत्र बॅटरीवर चालणारा ब्लूटूथ स्पीकर ठेवणे हेच त्या गाडीचा मान राखणारे ठरते.

गाणी कोठून वाजवावीत हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. सीडीतील ध्वनी सेकंदाला सुमारे 1411 किलोबिट माहितीचा असतो, आणि ब्लूटूथवरून जाताना तो फोनच्या व स्टिरिओच्या क्षमतेनुसार बहुधा 250 ते 330 किलोबिटांपर्यंत दाबला जातो. शांत खोलीत हा फरक जाणकाराला कदाचित ऐकू येईल, परंतु वाहत्या वाऱ्यात तो ऐकू येणे संभवत नाही, तेव्हा महागड्या अविकृत फाइलींपेक्षा स्पीकरांच्या जागेवर पैसा खर्च करणे शहाणपणाचे. ताम्हिणी किंवा वरंध घाटात नेटवर्क तुटत असल्याने गाणी आधीच फोनवर उतरवून ठेवावीत, किंवा 320 किलोबिटांच्या एमपीथ्री फाइली पेन ड्राइव्हवर घ्याव्यात. 32 गिगाबाइटांत अशा सुमारे 220 तासांच्या फाइली मावतात. उन्हात पेन ड्राइव्ह फोनपेक्षा चिवट असतो, कारण फोन तापला की स्वतःच पडद्याचा उजेड कमी करतो किंवा बंद पडतो.

ऊन, धूळ आणि पाणी यांच्याविरुद्ध टिकाव धरण्यासाठी बोटींकरता बनवलेली सामग्री निवडणे उत्तम. साध्या स्पीकरचा कागदी पडदा ओल धरून फुगतो आणि त्याच्या कडेचा फोम उन्हाने कुसकरतो. बोटीच्या स्पीकरात पडदा पॉलीप्रॉपिलीनचा आणि कड रबराची असते. उपकरणावर आयपी ही खूण आणि तिच्यापुढे दोन आकडे असतात, त्यांतला पहिला धुळीपासूनचे व दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो. 54 म्हणजे धुळीला बराच अटकाव आणि शिंतोड्यांपासून बचाव. पण कोकणच्या किंवा गोव्याच्या पावसात ताडपत्री लावेपर्यंत जी सर अंगावर येते तिच्यासाठी दुसरा आकडा 5 किंवा 6 असावा. किनाऱ्यावरची खारी हवा तांब्याच्या तारांनाही हिरवा गंज चढवते, म्हणून जोडांसाठी कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरावी आणि प्रत्येक जोडावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. कुलूप नसलेल्या गाडीत चमकता पडदा चोराच्या नजरेत भरतो, त्यामुळे दर्शनी भाग काढून खिशात घालता येईल असा स्टिरिओ किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात लपणारा ब्लूटूथ संच अधिक योग्य ठरतो.

यंत्रणेची जुळणी गाडी उभी असताना करून चालत नाही. उभ्या गाडीत समतोल वाटणारा आवाज वाऱ्यात पोकळ वाटतो, म्हणून नेहमीच्या वेगाला, शेजारी बसलेल्या माणसाकडून खर्ज आणि 2 ते 4 किलोहर्ट्झचा, म्हणजे शब्दांच्या स्पष्टतेचा, पट्टा थोडा उचलून घ्यावा आणि ती मांडणी स्टिरिओच्या स्मृतीत बंद छपराच्या मांडणीहून वेगळी साठवावी. आसनांच्या मागे जाळीचा वारारोधक पडदा लावल्यास भोवरे कमी होतात आणि जुळणीला तितकाच मोकळेपणा मिळतो. खरी कसोटी सिग्नलला लागते: गाडी थांबली की वारा एकदम पडतो, संगीत मात्र तसेच गर्जत राहते. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, शिवाय रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या भोवतीच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात ती आणखी 5 डेसिबलने खाली येते. नव्या गाड्यांतील यंत्रणा वेगाप्रमाणे आवाज आपोआप चढवते आणि उतरवते. जुन्या जीपमध्ये वेगाचा असा विद्युत संकेत मिळत नाही, म्हणून तिच्यासाठी स्टिरिओ निवडताना केवळ स्पर्शपडद्यावर विसंबणारा घेऊ नये, तर रस्त्यावरची नजर न हलवता हाताला सापडेल असे फिरते बटण असलेलाच घ्यावा.