दूरच्या चंद्रांचं बारसं

आपल्याकडे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आज आम्ही सांगतोय ते बारसं आभाळातलं आहे, आणि तिथे नाव ठेवलं भाच्याने.

आपल्या पृथ्वीला एकच चंद्र. युरेनस नावाच्या दूरच्या ग्रहाला २५ हून जास्त आहेत. इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल यांनी १७८१ मध्ये हा ग्रह शोधला आणि १७८७ मध्ये त्याचे दोन चंद्र. त्या दोघांना पुढची ६५ वर्षं धड नाव नव्हतं. १८५२ मध्ये विल्यम यांचा मुलगा जॉन याने नावं सुचवली. इतर ग्रहांच्या चंद्रांना सहसा पुराणातली नावं. जॉनने मात्र शेक्सपिअरचं नाटक उघडलं. एक झाली परीराणी टायटानिया, दुसरा तिचा नवरा ओबेरॉन. दोन नावं पोप या कवीच्या कवितेशी जुळणारी घेतली.

तीच रीत पुढे चालली. १९८६ मध्ये व्हॉयेजर-२ हे यान युरेनसजवळून गेलं, तेव्हा लहान चंद्रांची रांगच सापडली. त्यांतल्या बहुतेकांना नाटकांतल्या बायकांची नावं मिळाली. पोर्शिया ही पुरुषाचा वेष घालून कोर्टात उभी राहते आणि नवऱ्याच्या मित्राचा जीव वाचवते. कॉर्डेलिया आमची लाडकी. म्हातारा राजा मुलींना विचारतो, तुमचं माझ्यावर प्रेम किती? थोरल्या दोघी गोड बोलून राज्य पदरात पाडून घेतात. धाकटी खरं तेवढंच बोलते, तर बाप तिला हाकलून देतो. आभाळात मात्र ती ग्रहाच्या सगळ्यात जवळ आहे, आठ तासांत एक फेरी. तिच्या पलीकडे ऑफेलिया. दोघींच्या मधे युरेनसचं एक कडं आहे, आणि मेंढपाळांनी कळप राखावा तशा या दोघी त्यातले दगडधोंडे पांगू देत नाहीत.

आता जॉनच्या आत्याबद्दल. कॅरोलिन हर्शेल, विल्यम यांची धाकटी बहीण. रात्र रात्र भाऊ दुर्बिणीला डोळा लावून सांगायचा, ही थंडीत बसून लिहून घ्यायची. स्वतः तिने आठ धूमकेतू शोधले. १७८७ पासून राजाने तिला वर्षाला ५० पौंड पगार सुरू केला. भाच्याने नावं ठेवली तेव्हा तिला जाऊन चार वर्षं झाली होती. युरेनसच्या एकाही चंद्राला तिचं नाव नाही. तिथे गोष्टीतलीच माणसं लागतात. तिच्या नावाचा एक खड्डा आहे, तो आपल्या चंद्रावर.