डग्गा बोलला पाहिजे!
बँडला जो खर्जाचा आधार बास गिटार देते, तोच तबल्याच्या जोडीत डग्गा देतो. पं. रामसहाय यांनी वाराणसीत रुजवलेल्या बनारस घराण्याचे वादन खुले, जोरकस. त्याला भरदार डग्गाच हवा. निवडताना भांड्याच्या चकाकीला भुलू नये. ‘घे’ वाजवून घुमारा किती टिकतो ते ऐकावे. मग मनगटाचा दाब पुडीवर सरकवावा. स्वर न तुटता चढला, तर पुडी उत्तम.

तिथल्या संकटमोचन संगीत समारोहासारख्या रात्रभराच्या मैफलीत मात्र खरी कसोटी माइकची. तो डग्ग्याला चिकटवला, की खर्ज फुगतो आणि गायकाचे शब्द बुडतात. माइक वीतभर दूर ठेवावा, खर्ज बेतानेच वाढवावा. शेवटच्या रांगेतही मनगटाची ती मींड ऐकू आली, की आवाज जमलाच म्हणायचा!