खेळकर टिल्लूला घर हवे!

ही गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. आमच्या शाळेच्या फाटकाजवळ रस्त्याखालून जाणारी एक मोरी आहे. एके सकाळी तिच्यातून केविलवाणे कूं-कूं ऐकू येऊ लागले. शिपाईमामांनी वाकून पाहिले, तो आत चिंब भिजलेले, तांबूस रंगाचे एक पिल्लू! मामांनी हाताला गोणपाट गुंडाळले आणि त्याला अलगद बाहेर काढले.

पशुवैद्यांनी त्याला तपासले. दुधाचे सगळे दात शाबूत होते, त्यावरून वय साधारण तीन महिने ठरले. जंतांचे औषध झाले, गोचिडी काढल्या, लस टोचली. दोनच दिवसांत स्वारी फळा पुसायचे डस्टर तोंडात धरून व्हरांडाभर धावू लागली. नाव पडले टिल्लू.

आठवीतल्या एका मुलीने त्याला हौसेने घरी नेले. पण आठव्याच दिवशी तिचे वडील त्याला परत घेऊन आले. खेळता खेळता मुलीच्या मनगटावर दात लागला होता. त्यांनी लगेच जखम धुतली, मुलीला दवाखान्यात नेले आणि लस सुरू केली. हे त्यांनी अगदी योग्य केले. मात्र जाताना ते म्हणाले, "कुत्रे चावरे आहे!"

टिल्लू खरोखरच चावरा होता काय? या प्रश्नाच्या उत्तरावर त्याचे भवितव्य अवलंबून होते. चावऱ्या कुत्र्याला कोण घर देणार?

पुढचे पाय खाली, शेपटी वर

दोन कुत्री खेळताना तुम्ही पाहिली असतील. त्यांतले एक अचानक पुढचे पाय जमिनीला टेकवते, मागचा भाग वर ठेवते आणि शेपटी हलवते. मार्क बेकॉफ या अमेरिकन शास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या खेळाचे चित्रण करून ते सावकाश, पुनःपुन्हा पाहिले. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात एक मजेदार गोष्ट आढळते. चावा घेऊन मान जोराने झटकण्याच्या थोडे आधी किंवा नंतर हे 'वाकणे' विशेषेकरून दिसते. अशा चाव्याचा सहज गैरसमज होऊ शकतो. म्हणून कुत्रे जणू सांगते, "गड्या, हे भांडण नाही, खेळ आहे!"

आम्ही टिल्लूकडे लक्ष देऊन पाहिले. मुले दिसताच तो वाके, उडी मारे आणि मग हात तोंडात धरी. अंग ताठ नाही, गुरगुरणे नाही, दात विचकणे नाही. म्हणजे तो खेळतच होता. चूक एवढीच की, दात किती जोराने लावावा हे त्याला ठाऊक नव्हते.

अर्धवट सुटलेली शाळा

हे ज्ञान पिल्लाला कोठून मिळते? आपल्या भावंडांकडून. जोराने चावले की भावंड किंचाळते आणि खेळ थांबतो. पुढच्या वेळी चावा हलका होतो. रोजच्या दंगामस्तीतून पिल्लू हा धडा शिकते.

अमेरिकेत बार हार्बर येथील प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी पिल्लांच्या वाढीचा अनेक वर्षे अभ्यास केला. पिल्लाच्या आयुष्यातील साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ ओळखीपाळखीचा असतो, असे त्यांना आढळले. 1961 साली तेथीलच एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही पिल्ले कुंपणाच्या आवारात माणसांपासून दूर वाढवली. चौदा आठवडे ज्यांना माणूस भेटलाच नाही, ती जंगली जनावराप्रमाणे भेदरट झाली.

टिल्लू माणसांना मुळीच घाबरत नव्हता. त्या नाजूक काळात कोणीतरी त्याला गोंजारले असले पाहिजे. पण त्याची भावंडे मात्र कोठे दिसली नाहीत.

रस्त्यावरील पिल्लांचे पुढे काय होते? कोलकात्याच्या 'आयसर' या संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 95 वेतांतील 364 पिल्लांवर लक्ष ठेवले. 2016 साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष मन विषण्ण करतात. सात महिन्यांच्या वयापर्यंत शंभरांतील फक्त 19 पिल्ले जगली. जी दगावली, त्यांतील 63 टक्के पिल्लांच्या मृत्यूला या ना त्या प्रकारे माणूस कारणीभूत होता. टिल्लूला घर मिळणे किती निकडीचे होते, हे यावरून ध्यानात येईल.

पुन्हा जीव लागतो का?

एकदा घर सुटलेले कुत्रे नव्या माणसाला जीव लावील का? हंगेरीतील बुडापेस्ट येथील शास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिले. आश्रयगृहातील मोठ्या वयाच्या कुत्र्यांना एका अनोळखी व्यक्तीने दहा-दहा मिनिटे, फक्त तीन वेळा भेट दिली. एवढ्यावरच ती कुत्री त्या व्यक्तीला आपले माणूस मानू लागल्याचे दिसले. हे संशोधन 2001 सालचे.

ही मैत्री फार जुनी आहे. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे सुमारे 14,000 वर्षांपूर्वीच्या थडग्यात एक पुरुष, एक स्त्री आणि सुमारे सात महिन्यांचे पिल्लू सापडले. पिल्लाच्या दातांवरील खुणांवरून ते डिस्टेंपर या रोगाने आजारी होते, असा निष्कर्ष 2018 साली काढण्यात आला. या आजारात कोणीतरी शुश्रूषा केल्याशिवाय ते इतके दिवस जगले नसते. आजारी पिल्लू शिकारीच्या काय उपयोगाचे? तरीही माणसाने त्याला जपले!

घर निवडताना

या वेळी आम्ही घाई केली नाही. इच्छुकांना चार प्रश्न विचारले :

1. घरातील सर्वांची संमती आहे काय?
2. दिवसभर कोणी घरी असते काय? खेळकर पिल्लाला एकटेपणा सोसत नाही.
3. दरवर्षी लस टोचून आणाल काय?
4. कुत्रे दहा-बारा वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगते. तोवर सांभाळाल काय?

चौथ्या प्रश्नाला बरेच जण गप्प झाले. अखेर टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा पुढे आले. त्यांच्याकडे चंपी नावाची एक वयस्क, शांत कुत्री होती. आम्हाला नेमके हेच हवे होते.

पहिले तीन दिवस टिल्लू कोपऱ्यात बसून राहिला. नव्या जागी असे होतेच. अमेरिकेतील आश्रयगृहात केलेल्या पाहणीत पहिल्या तीन दिवसांत कुत्र्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक जास्त आढळले होते. आजोबांनी त्याच्या मागे न लागता ठरल्या वेळी खाणे दिले आणि निवांत जागा दिली. चौथ्या दिवशी तो चंपीपुढे वाकला. जोराने चावला की चंपी उठून चालती होई. आजोबांचा हात तोंडात धरला की तेही खेळ थांबवीत. दीड महिन्यात टिल्लूचे दात मऊ झाले! परवा ती मुलगी त्याला भेटायला गेली. त्याने तिचा हात नुसता चाटला.

एवढे ध्यानात ठेवा

अनोळखी पिल्लू स्वतः उचलू नका, मोठ्यांना सांगा. कोणत्याही कुत्र्याचा दात किंवा नख लागले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही, पण वेळेवर घेतलेली लस वाचवते.

आणि एक निरीक्षण करा. आपल्या गल्लीतील कुत्री खेळत असताना दुरून, गच्चीतून किंवा खिडकीतून, दहा मिनिटे पाहा. कोण किती वेळा वाकले आणि त्यानंतर काय घडले, ते वहीत लिहा. आठवडाभराच्या नोंदी वर्गात ताडून पाहा. 'चावरे' आणि 'खेळकर' यांतील फरक तुमचा तुम्हालाच उमजेल. कदाचित त्यामुळे एखाद्या टिल्लूचे घर सुटायचे टळेल.