राखणदार कोणाच्या विश्वासावर जगतो?

गोव्यातील खेड्यात वाढलेल्या मुलाला राखणदार म्हणजे कोण, हे समजावून सांगावे लागत नाही. रात्री तो हातात काठी घेऊन गावाला फेरी मारतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात आणि म्हणून त्याला नव्या वहाणा वाहिल्या जातात, एवढे त्याने घरातल्या थोरांकडून ऐकलेले असते. ड्रीमवर्क्स या अमेरिकी स्टुडिओने २०१२ साली प्रदर्शित केलेल्या ‘राइज ऑफ द गार्डियन्स’ या अ‍ॅनिमेशनपटाच्या नावाचे मराठी करायचे झाल्यास ‘राखणदार’ याहून जवळचा शब्द सापडणे कठीण. राखणदार असतो म्हणून मुले त्याला मानतात, की मुले मानतात म्हणून तो असतो, हा त्या चित्रपटाचा मूळ प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर चित्रपटात मिळते. दुसरे, बरेच निराळे उत्तर तेलंगणातील आदिलाबादच्या गोंड गावांत दर दिवाळीला पाहायला मिळते.

विल्यम जॉइस यांच्या ‘द गार्डियन्स ऑफ चाइल्डहुड’ या पुस्तकमालेवर आधारलेला हा चित्रपट पीटर रॅमसी यांनी दिग्दर्शित केला. सांताक्लॉज, ईस्टरचा ससा, पडलेले दात गोळा करणारी परी आणि सोनेरी वाळूने स्वप्ने विणणारा अबोल सँडमॅन हे त्यातील राखणदार. त्यांच्यात नव्याने ओढला जातो तो हिवाळा आणणारा जॅक फ्रॉस्ट. त्याला मानणारे कोणीच नसल्याने मुले त्याच्या शरीरातून आरपार धावत जातात आणि त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. समोर उभा आहे पिच, म्हणजे आपला बागुलबुवा. सांताकडच्या पृथ्वीच्या गोलावर राखणदारांना मानणाऱ्या प्रत्येक मुलामागे एक दिवा तेवतो. पिच हे दिवे एकेक करून विझवत नेतो. शेवटी जेमी नावाच्या एकाच मुलाचा दिवा उरतो. दातांच्या परीला वाटेत एक उंदीर भेटतो आणि तो तिच्या युरोपातील शाखेचा निघतो, हा विनोद पडलेला दात उंदराच्या नावाने कौलांवर फेकलेल्या वाचकांना विशेष आवडावा.

चित्रपटाचे उत्तर स्पष्ट आहे: मुलांचा विश्वास गेला की राखणदार दुबळा होतो, दिसेनासा होतो. मात्र या मांडणीत एक अवघड जागा आहे. उशीखाली नाणे कोण ठेवते आणि नाताळची भेट कोण आणते, हे घरातील मोठ्यांना ठाऊक असते. मुलाला ते ज्या दिवशी कळते, त्या दिवशी दिवा विझतो. चित्रपटात पालक जवळजवळ दिसतच नाहीत, ते बहुधा याचमुळे.

आदिलाबादमध्ये ही लपवाछपवीच नाही. दिवाळीच्या आधीच्या दिवसांत राज गोंडांच्या दंडारीला आरंभ होतो. ढोलांच्या तालावर नाचणारी पथके एका गावातून दुसऱ्या गावात पाहुणी म्हणून जातात. त्यांच्यात उठून दिसतो तो गुसाडी. डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा मुकुट, अंगाला राख, खांद्यावर जनावराचे कातडे, खोटी दाढी, घुंगरू आणि हातात दंड. एकदा हा वेष धारण केला की त्या माणसात देवाचा वास असतो, असे मानतात; म्हणून सण संपेपर्यंत तो स्नानही करत नाही. त्याच्या दंडाच्या स्पर्शाने दुखणी बरी होतात, अशी श्रद्धा आहे. तरीही हाच गुसाडी वाकुल्या दाखवतो, पोरांच्या अंगावर धावून जातो आणि पाहणाऱ्यांना खदखदा हसवतो. राखणदार, सोंगाड्या आणि थोडासा बागुलबुवा, असे तिन्ही त्याच्यात एकत्र नांदतात.

दाढीमागचा माणूस कोण आहे, हे गावातील प्रत्येक मुलाला माहीत असते. तो त्याचा काका असतो किंवा शेजारचा शेतकरी असतो. वेष उतरेपर्यंत तो देव आहे, हेही मुलाला तितकेच माहीत असते. ही दोन्ही ज्ञाने एकमेकांना खोडत नाहीत आणि मूल मोठे झाल्यावर ‘फसवले गेलो’ असे म्हणण्याची वेळ येत नाही, कारण पुढे मुकुट त्याच्याही डोक्यावर येऊ शकतो.

गोंडांच्या उत्पत्तिकथेतही मुलेच केंद्रस्थानी आहेत. तिच्या एका प्रचलित रूपात दैवी बालके गुहेत कोंडली जातात. जंगो रायताड, म्हणजेच जंगुबाई, त्यांच्यासाठी व्याकूळ होते. पहांदी कुपार लिंगो पुढे येतो आणि हिरासुका पाटालीर हा वादक आपल्या संगीताच्या बळावर गुहेच्या तोंडावरची शिळा हलवतो. मुले सुटतात, वादक मात्र शिळेखाली सापडून मरतो. ती गुहा गोंदिया जिल्ह्यातील कचारगडची, असे मानले जाते आणि माघ पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. जंगुबाईचे एक ठाणे महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या सीमेवरील जंगलात आहे. या कथेत मुलांची सुटका होते ती वाद्यामुळे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कारण ही कथा पिढ्यानपिढ्या जपली तीही वादकांनीच. परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत भाट. किक्री या तंतुवाद्याच्या साथीने ते चार, पाच, सहा आणि सात देवांच्या कुळांचा इतिहास गातात. मराठी वाचकाला चकित करणारी गोष्ट अशी, की आदिलाबादच्या परधानांची घरातली भाषा मराठी आहे. गायचे गोंडीत आणि पोरांना हाक मारायची मराठीत, असा हा द्विभाषिक वारसा. मानवशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांनी १९४०च्या दशकात मारलवाई येथे राहून या कथा टिपून घेतल्या आणि १९४८ साली ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ या ग्रंथातून प्रसिद्ध केल्या.

परधान गोंड यजमानांच्या दानावर जगत. जमिनी बाहेरून आलेल्यांच्या हाती जाऊ लागल्यावर यजमानच गरीब झाले. अनुसूचित क्षेत्रातील आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे जाण्यावर १९७०च्या विनियमाने कडक बंदी घातली, परंतु तोवर पुष्कळ जमीन गेली होती. ज्या घरी धान्य नाही, त्या घरी भाट कशाच्या बळावर येणार? चित्रपटातला पिच मुलांना घाबरवतो. इथे धोका आहे तो सांगणारा दारी न येण्याचा. त्यात शाळेची भाषा तेलुगू. मुलाने आपल्या देवांना नाकारले असे घडत नाही, फक्त त्यांची ओळख करून देणारे कोणी उरत नाही.

काही गोष्टी उलट दिशेनेही घडल्या आहेत. आदिलाबादमधील गुंजाळा गावात गोंडीच्या स्वतंत्र लिपीतील हस्तलिखिते सापडली आणि २०१८ साली या लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, त्यामुळे ती आता संगणकावरही उमटते. मारलवाईचे गुसाडी नर्तक कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. तरुणांना हा नाच शिकवण्यात त्यांची हयात गेली. २०१६च्या विभाजनानंतर जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि मारलवाई कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले; दंडारी मात्र जुन्याच वाटांनी या गावातून त्या गावात फिरते.

कनक राजू यांचे निधन ऑक्टोबर २०२४मध्ये, दिवाळीला जेमतेम आठवडा उरला असताना झाले. ते दिवस दंडारीचेच होते.