डॉक्टर, दात दुधात आहे!

२०२२ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या केंद्रातील शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत मला बोलावणे आले. विषय नेहमीचाच, शालेय मुलांचे आरोग्य. हात धुणे, जंतांच्या गोळ्या, मुलींमधील रक्तक्षय हे सगळे सांगून झाले. चहा यायला थोडा वेळ होता, म्हणून मी सहज एक प्रश्न टाकला.

"समजा, मधल्या सुटीत पाचवीतला मुलगा पळताना व्हरांड्याच्या खांबावर आपटला. समोरचा पक्का दात मुळासकट निघून मातीत पडला. तुम्ही काय कराल?"

उत्तरे भराभर आली. "चूळ भरायला लावू." "कापूस दाबून धरू." "आईवडिलांना फोन करू." "तुमच्याकडे घेऊन येऊ." एक गुरुजी मिस्कीलपणे म्हणाले, "दात कौलावर फेकू, नवा चांगला येईल!" सगळे हसले. मी पुढे विचारले, "आणि तो मातीत पडलेला दात?" यावर मात्र सगळे गप्प.

मला हसू आले नाही. कारण हाच प्रश्न पूर्वी कुणी मला विचारला असता, तर मीही नापासच झालो असतो. नव्हे, एकदा झालोही होतो.

माझी चूक

१९९८ साल. मला दवाखाना टाकून दोनच वर्षे झाली होती. एक गुरुजी सहावीतल्या मुलीला सायकलवर पुढे बसवून घेऊन आले. खो-खो खेळताना ती खांबावर तोंडावर आपटली होती. ओठ फाटलेला, फ्रॉक रक्ताने माखलेला. मी रक्त थांबवले, ओठाला दोन टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. सगळे आटोपल्यावर गुरुजींनी खिशातून कागदाची पुडी काढली. "डॉक्टर, हा तिचा दात."

मी तो पाहिला, "आता याचा काही उपयोग नाही" म्हणालो आणि टेबलाखालच्या बादलीत टाकला. लग्नाच्या वयाची झाली की खोटा दात बसवता येईल, असे तिच्या वडिलांना सांगून त्यांचे समाधानही केले.

पुढे काही वर्षांनी तालुक्याच्या डॉक्टर मंडळींच्या बैठकीत विट्याच्या एका दंतवैद्य मित्रापाशी मी ही हकीकत बोललो. त्याने एवढेच विचारले, "दात कुठे होता?" मी सांगितले. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "अर्ध्या तासात आला होता ना? तो परत बसला असता रे!"

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात दातांच्या वाट्याला फार थोडे येते, हे खरे. पण ती सबब त्या मुलीच्या काय कामाची? आज ती दोन मुलांची आई आहे. मुलांना घेऊन दवाखान्यात येते. हसताना अजूनही तिचा हात तोंडावर जातो.

दात म्हणजे खिळा नव्हे

आपली समजूत अशी असते की दात हिरडीत खिळ्यासारखा ठोकलेला असतो, निघाला की संपला. तसे नाही. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक नाजूक थर असतो. दात या तंतूंनी हाडाला बांधलेला असतो. दात मुळासकट निघतो तेव्हा हे तंतू तुटतात आणि त्यातला काही भाग मुळाला चिकटून बाहेर येतो. या चिकटलेल्या पेशी जिवंत असतात. त्या जिवंत असेपर्यंत दात पुन्हा खोबणीत बसवला, तर तो धरण्याची आशा असते.

शेतकरी वाचकांना हे पटकन कळेल. कांद्याचे रोप वाफ्यातून उपटले की आपण मुळे ओली ठेवतो आणि लवकरात लवकर लावतो. उन्हात वाळवून, मुळे खरवडून कुणी रोप लावत नाही. दाताचेही तसेच आहे. फरक इतकाच, की रोप काही तास तग धरते. कोरडा राहिलेला दात तेवढा वेळ देत नाही. पंधरा मिनिटांत परत बसला तर उत्तम. तासभर कोरडा राहिला तर मुळावरच्या पेशी बहुतेक मेलेल्या असतात. तरीही दंतवैद्य पुष्कळदा असा दात बसवून पाहतात, कारण वाढत्या वयात तो काही वर्षे टिकला तरी जबड्याचे हाड राखले जाते. पण मुळाला हाड चिकटून दात हळूहळू झिजत जाण्याचा धोका मग फार वाढतो.

डेन्मार्कमधील कोपनहेगनचे डॉ. येन्स ओवे आंद्रेआसन यांनी आयुष्यभर याच विषयाचा अभ्यास केला. निखळून पुन्हा बसवलेल्या ४०० दातांचा त्यांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. दात तोंडाबाहेर किती वेळ होता आणि कशात ठेवला होता, यावर त्याचे भवितव्य फार अवलंबून असते, हे या अभ्यासातून दिसले. आणि या दोन्ही गोष्टी डॉक्टरच्या नव्हे, तर अपघाताच्या जागी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतात. शाळेत तो माणूस म्हणजे शिक्षक!

दूधच का?

साध्या पाण्यात दात ठेवला तर मुळावरच्या पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. दुधातील क्षारांचे प्रमाण शरीरातील द्रवाशी बरेचसे जुळणारे असते. त्यामुळे गार दुधात या पेशी काही तास जिवंत राहू शकतात. पिशवीतले किंवा तापवून गार केलेले दूध चालते. साखर घातलेले नको, गरम नको, ताक-दही नको. सलाईनची बाटली असेल तर तीही चालेल. काहीच मिळाले नाही तर मुलाला एका स्वच्छ पेल्यात थुंकायला लावावे आणि त्या लाळेत दात ठेवावा. साधे पाणी हा अगदी शेवटचा उपाय. पण कोरड्या कागदापेक्षा आणि खिशापेक्षा तेही बरे.

दुधाचा की पक्का?

इथे एक मोठी खबरदारी. दुधाचा दात परत बसवायचा नसतो. तसे केल्यास त्याच्यावर तयार होत असलेल्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. समोरचे पक्के दात साधारण सहा ते नऊ या वयात येतात. म्हणजे अंगणवाडीतल्या मुलाचा पडलेला दात बहुधा दुधाचा आणि चौथी-पाचवीपासून पुढच्या मुलाचा समोरचा दात बहुधा पक्का. पहिली-दुसरीच्या मुलांत शंका राहते. शंका असली की बसवण्याच्या भानगडीत पडू नये, दात दुधात घालून दंतवैद्याकडे न्यावा. काय ते तो ठरवील.

कौलावर दात फेकण्याची आपली जुनी रीत दुधाच्या दातासाठी ठीक आहे. पक्का दात मात्र आयुष्यात एकदाच येतो.

शिक्षकांची भीती

त्या परिषदेत एक बाई शेवटी उभ्या राहिल्या. त्यांनी विचारले ते खरे सर्वांच्याच मनातले होते. "डॉक्टर, आम्ही दात हातात घेतला आणि काही बिघडलं, तर पालक आम्हालाच धरणार. त्यापेक्षा हात न लावलेला बरा नाही का?"

प्रश्न रास्त आहे. शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर. त्यात हे डॉक्टरी काम कशाला? पण विचार करा. दात बाहेर पडला आहे, म्हणजे जे बिघडायचे ते बिघडलेच आहे. तुम्ही काहीच केले नाही, तर तो दात नक्की जाणार. तुम्ही तो दुधात टाकलात, तर निदान वाचण्याची संधी राहते. धीर होत नसेल तर तो जागेवर बसवू नका. पण शोधा, पांढऱ्या बाजूने उचला आणि दुधात घाला. याला डॉक्टरी शिक्षण लागत नाही. पालकांनाही फोनवर स्पष्ट सांगा, "दात सापडला आहे, दुधात ठेवला आहे, दंतवैद्याकडे निघालो आहोत." जो शिक्षक इतके करतो त्याला पालक धरत नाहीत, त्याचे उपकार मानतात, असा माझा अनुभव आहे.

शिक्षकांना याची कितपत माहिती आहे, याच्या पाहण्या आपल्या देशात आणि परदेशातही अनेक ठिकाणी झाल्या आहेत. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येते: मदत करण्याची इच्छा आहे, माहिती नाही. यात शिक्षकांचा दोष कसला? त्यांना कुणी सांगितलेच नाही. मला तरी कुठे सांगितले होते?

तो फोन

जानेवारी २०२३. शाळांच्या क्रीडास्पर्धांचे दिवस. दुपारी दवाखाना बंद करून जेवायला बसलो तोच फोन वाजला. परिषदेत उभ्या राहिलेल्या त्याच बाई! आवाज कापत होता. "डॉक्टर, पाचवीतल्या पोराला बॅट लागली. पुढचा दात निघालाय. शाळेशेजारच्या घरातून दूध आणलं. दात दुधात आहे."

मी आधी विचारले, "पोरगा शुद्धीवर आहे? उलटी झाली? जबडा नीट मिटतोय?" सगळे ठीक होते. शाळा जवळच, म्हणून "तसेच या" म्हटले. दहा मिनिटांत एक शिक्षक मुलाला मोटारसायकलवर घेऊन आले. मागे बाई, हातात स्टीलचा झाकणाचा डबा.

विटा आमच्या गावाहून बरेच लांब. तिथे पोहोचेपर्यंत वेळ जाणार. मी विट्याच्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "सलाईनने हलकेच धू आणि तूच बसव. मग पाठव." मी दात पांढऱ्या बाजूने धरला, शेजारच्या दाताकडे पाहून पुढची-मागची बाजू जुळवली आणि बोटाने हळूहळू आत दाबला. तो जागेवर बसला. मुलाला घडी केलेल्या गॉजवर दात मिटायला लावले आणि गाडी विट्याला रवाना केली.

तिथे शेजारच्या दातांच्या आधाराने बारीक तार बांधली, ती दोन आठवड्यांनी काढली. मूळ पूर्ण वाढलेले असल्याने त्याच सुमारास रूट कॅनालही सुरू केले. त्यानंतर ठरलेल्या तारखांना तपासणी आणि एक्स-रे चालू राहिले. असा दात जन्मभर टिकेलच याची हमी कोणी देत नाही. माझ्या मित्रानेही दिली नाही. पण तो मुलगा त्याच दाताने पेरू खातो. वर्गाच्या फोटोत तोंड भरून हसला आहे. तो फोटो बाईंनी मला मुद्दाम दाखवला.

शिक्षकांनी लक्षात ठेवावे असे

१. आधी मूल, मग दात. बेशुद्धी, उलट्या, कानातून रक्त किंवा पाणी, जबडा न मिटणे यांपैकी काहीही असल्यास सरळ मोठे रुग्णालय गाठा. दात बरोबर न्या.

२. दात शोधा. सापडला नाही आणि मुलाला खोकला किंवा धाप लागली, तर तो श्वासनलिकेत गेला असण्याची शक्यता असते. तातडीने रुग्णालयात न्या.

३. दात पांढऱ्या बाजूनेच धरा. मुळाला बोट लावू नका.

४. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाईनने हलकेच धुवा. ते नसल्यास वाहत्या गार पाण्याखाली आठ-दहा सेकंद धरा. घासणे, साबण, डेटॉल, हळद काही नको.

५. पक्का दात आहे याची खात्री आणि हाताला धीर असेल तर खोबणीत बसवून मुलाला स्वच्छ रुमालावर दात मिटायला लावा. नाहीतर गार दुधात ठेवा.

६. लगेच दंतवैद्याकडे निघा. "उद्या नेऊ" म्हणू नका.

७. दाताचा तुकडा पडला असेल तर तोही ओला ठेवून न्या, पुष्कळदा तो चिकटवता येतो. दात हलत किंवा सरकला असेल तर ओढू नका.

८. धनुर्वाताच्या लसीची नोंद पालकांना विचारा आणि डॉक्टरांना सांगा.

मुख्याध्यापक मंडळींना एक विनंती. हे कात्रण प्रथमोपचार पेटीच्या झाकणावर आतून चिकटवा. खाली जवळच्या दंतवैद्याचा आणि जिल्हा रुग्णालयाचा फोन नंबर लिहा. आणि शाळेशेजारी दूध कुणाच्या घरी असते, तेही आजच विचारून ठेवा.