सोयाबीन रानात, ऊस अंगणात


सोयाबीन निघेपर्यंत रान मोकळं होत नाही. पण पूर्वहंगामी उसाची (लागण १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर) रोपं तोवर अंगणात तयार होतात. ५ × २ फुटांवर एकरी ४,३५६ रोपं बसतात. तुटाळ धरून ५० कप्प्यांचे १०० ट्रे भरा. १५ × १२ फूट जागा पुरते.

१) बेणं ९-१० महिन्यांचं, निरोगी घ्या. काणी, गवताळ वाढ दिसलेल्या प्लॉटमधलं नको. हे रोग बेण्यातूनही येतात.

२) एक डोळा कांडी तोडताना डोळ्याच्या वर एक भाग, खाली दोन भाग ठेवा. पहिली मुळं पेऱ्याच्या कड्यातून फुटतात, कोंब कांडीतल्या साखरेवर वाढतो. फार आखूड तोडू नका.

३) १० लिटर पाण्यात १० ग्रॅम कार्बेन्डाझिम टाकून कांड्या १०-१५ मिनिटं बुडवा. हातमोजे घाला.

४) कोकोपीटमध्ये डोळा वर करून ठेवा. ट्रे एकावर एक रचून ४-५ दिवस प्लास्टिकनं झाका. कोंब दिसले की ट्रे मांडा, रोज झारीनं पाणी द्या.

३०-३५ दिवसांत रोप तयार. तेवढे दिवस आख्ख्या एकराला बोअरचं पाणी द्यायचं वाचलं. 

कोंब पिवळे दिसले तर ट्रेचा फोटो याच नंबरवर पाठवा.